त्याला कसं कळतं, सर?

"सर, पण त्याला कसं कळतं?"

प्रश्न विचारणारी बारावीची मुलगी. स्थळ, भाईंदर पूर्वेला गोडदेव नाक्याजवळचा एक क्लास. खाली दुकान, वर आम्ही आणि मागच्या गल्लीतून स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या मशीनचा अखंड आवाज. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी तिथे फिजिक्स शिकवतो. कॉलेजातून लोकलने घरी येताना वाटेत क्लास उरकायचा, असा माझा शिरस्ता. त्या दिवशी 'ड्युअल नेचर'चा धडा होता आणि मला तो अर्ध्या तासात संपवायचा होता. फळ्यावर ठरलेलं वाक्य लिहिलं: प्रकाश काही प्रयोगांत तरंगासारखा वागतो, तर काही प्रयोगांत कणासारखा. मग ठरलेलं उदाहरण दिलं. तुमचे बाबा घरी बाबा असतात आणि ऑफिसात साहेब, पण माणूस एकच ना? तसंच हे. मुलांनी भराभर लिहून घेतलं.

तिने नाही लिहिलं. म्हणाली, "बाबांना माहीत असतं आपण घरी आहोत की ऑफिसात ते. फोटॉनला कसं कळतं आज कुठला प्रयोग चाललाय?"

मित्रहो, मी काय उत्तर दिलं असेल? मला शिकताना जे मिळालं असतं तेच! "हे सिलॅबसमध्ये नाही. दोन मार्कांचा प्रश्न आहे. वाक्य पाठ कर आणि पुढे चल." बाकीचे हसले, ती गप्प बसली, मी पुढचं न्युमरिकल घेतलं.

रात्री मात्र चैन पडेना. कारण उघड होतं. मला उत्तर येत नव्हतं. फर्स्ट इयरला हेच वाक्य लिहून मी पास झालो, व्हायव्हात हेच म्हणून सुटलो, आणि एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडला नाही! बारावीच्या पोरीला तो पहिल्या दहा मिनिटांत पडला आणि मी तो सिलॅबसचं नाव सांगून बुजवला. पुढचे काही आठवडे मी लायब्ररीत जे वाचलं आणि क्लासमध्ये जे करून पाहिलं, त्यावरून माझं एक मत झालं आहे. 'काही प्रयोगांत तरंग, काही प्रयोगांत कण' हे वाक्य नुसतं अपुरं नाही, ते दिशाभूल करणारं आहे. आणि आपण इंजिनीअर मंडळी ते इतक्या बिनदिक्कत लिहितो की त्यात काही खटकतं हेच विसरून गेलोय.

हे वाक्य आलं कुठून, ते आधी पाहू. ते इतिहासाच्या क्रमातून आलं आहे. यंगने १८०३ साली सूर्यप्रकाशाच्या बारीक झोतात कागदाची पातळ पट्टी धरून दाखवली, तिच्या दोन्ही बाजूंनी येणारा प्रकाश एकमेकांत मिसळून पट्टे पडतात. म्हणून प्रकाश तरंग. आइन्स्टाइनने १९०५ साली प्रकाशऊर्जेचे पुंजके मानले, कॉम्प्टनने १९२३ मध्ये क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून गोटीसारखे उसळतात हे मोजलं. म्हणून प्रकाश कण. मग १९२४ च्या प्रबंधात द ब्रॉयने उलट बाजूने सांगितलं की कणांनाही तरंगलांबी असते, आणि १९२७ साली डेव्हिसन आणि जर्मर यांना निकेलच्या स्फटिकावर ती सापडली. त्याच सुमारास जी. पी. थॉमसनलाही धातूच्या पातळ पत्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून तेच दिसलं. वडील जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन हा कण शोधल्याच्या कामासाठी ओळखतात, मुलाला नोबेल मिळालं ते इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो म्हणून. जेवताना काय बोलत असतील, कोण जाणे!

आता हे सगळे वेगवेगळे प्रयोग आहेत, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या यंत्रांवर झालेले. पुस्तकं ते त्याच क्रमाने मांडतात. साहजिकच आपली समजूत होते की एका खोलीत तो तरंगाचा वेष घालतो आणि दुसऱ्या खोलीत कणाचा. बहुरूप्यासारखा. आणि एकदा बहुरूपी म्हटलं की 'त्याला कसं कळतं' हा प्रश्न येणारच. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं, चूक माझ्या उदाहरणात होती.

पुढच्या शनिवारी मी लाल लेझर पॉइंटर घेऊन गेलो. खिडक्यांना वर्तमानपत्रं लावली. (लेझर कुणाच्या डोळ्यात मारायचा नाही, हे आधी तीनदा बजावलं. बारावीची पोरं आहेत, सांगावं लागतं.) प्रश्नकर्तीनेच आपला एक केस काढून दिला. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यावर तो ताणून चिकटवला, लेझर त्याच्यावर मारला. समोरच्या भिंतीवर मधोमध ठिपका आणि दोन्ही बाजूंना लाल-काळे, लाल-काळे पट्टे लांबवर पसरलेले. भिंत तीन मीटरवर होती. लागोपाठच्या दोन काळ्या पट्ट्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं, २.६ सेंमी. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर. भागाकार केला, केसाची जाडी आली ७५ मायक्रॉन. नुसत्या पट्टीने केसाची जाडी मोजता येते, यावर अख्खा क्लास खूष!

मग मी दुसरं गणित घातलं. लेझर एक मिलीवॉटचा धरला तर त्यातून सेकंदाला किती फोटॉन निघतात? तीनावर पंधरा शून्यं, त्याहून थोडे जास्तच. केसापासून भिंतीपर्यंत जायला प्रकाशाला १० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे कुठल्याही क्षणी त्या तीन मीटरच्या वाटेत सुमारे तीन कोटी फोटॉन असतात.

"मग बरोबर आहे," मागच्या बाकावरून एक जण म्हणाला. "एवढी गर्दी आहे म्हटल्यावर धक्काबुक्की होणारच. सातची विरार लोकल पाहा ना. कुणी दारात ढकलला जातो, कुणी आत. त्याचेच पट्टे पडत असतील."

भाईंदरला उतरणाऱ्या माणसाने विरार लोकलचं उदाहरण द्यावं हे फारच समजण्यासारखं आहे. (ज्यांनी संध्याकाळी त्या गाडीतून भाईंदरला उतरायचा प्रयत्न केला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.) आणि कल्पनाही वाईट नव्हती. पट्टे हे गर्दीचं काम असेल, तर कण कणच राहिले आणि तरंग म्हणजे फक्त गर्दीची हालचाल. सगळं सोपं झालं. पण ही कल्पना तपासता येते. गर्दी काढून टाका. गाडीत एका वेळी एकच प्रवासी बसवा आणि पट्टे पडतात का ते पाहा.

केंब्रिजच्या जी. आय. टेलरने १९०९ साली हेच केलं. गॅसच्या ज्योतीसमोर काजळी धरलेल्या काचा ठेवून त्याने प्रकाश इतका मंद केला की सुईच्या सावलीतले पट्टे फोटोच्या काचेवर उमटायला सगळ्यात लांबच्या प्रयोगात सुमारे तीन महिने लागले. पट्टे तसेच आले. पण मंद प्रकाश म्हणजे एकेकटे फोटॉन, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, ते फोटॉन जोडीजोडीनेही आलेले असू शकतात. ती पळवाट बंद व्हायला १९८६ उजाडलं. फ्रान्समध्ये ग्रांजिए, रोजे आणि अ‍ॅस्पे यांनी कॅल्शियमच्या अणूंपासून खात्रीने एकेक फोटॉन मिळवला आणि तो अर्धपारदर्शक आरशावर सोडला. पलीकडे दोन शोधक ठेवले. ते दोन्ही एकाच वेळी वाजणं जवळजवळ बंद झालं, म्हणजे फोटॉन अर्धा अर्धा होत नाही. मग शोधक काढून त्याच दोन वाटा पुन्हा एकत्र आणल्या, तर त्याच एकेकट्या फोटॉनांनी पट्टे दिले. याच अ‍ॅस्पेंना पुढे २०२२ चं नोबेल क्लाउझर आणि झायलिंगर यांच्याबरोबर मिळालं, ते मुख्यतः गुंतलेल्या फोटॉनांवरच्या कामासाठी.

पण डोळ्यांनी पाहायचं असेल तर जपानच्या टोनोमुरांचा १९८९ चा प्रयोग पाहावा. हिताचीच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला. पडद्यावर एक ठिपका. मग दुसरा, भलतीकडेच. दहा ठिपके झाले, काही अर्थ नाही. शंभर झाले, पावसाचे थेंब फरशीवर पडावेत तसे. काही हजार झाल्यावर मात्र उभे पट्टे दिसायला लागतात आणि शेवटी, सत्तर हजारांच्या आसपास, ते आखल्यासारखे स्वच्छ होतात. एक इलेक्ट्रॉन पडद्यावर पोचल्यानंतरच पुढचा निघावा इतका संथ मारा होता. ढकलायला शेजारी कुणी नव्हतंच!

आता इथे थोडं थांबूया, कारण माझं सगळं म्हणणं या एका चित्रात आहे. त्या चित्रात इलेक्ट्रॉन कण आहे की तरंग? प्रत्येक ठिपका पुरा, एका जागी, एकदाच. ही झाली कणाची गोष्ट. ठिपके कुठे जास्त आणि कुठे अजिबात नाहीत, हे मात्र दोन्ही वाटांच्या तरंगांची बेरीज करूनच सांगता येतं. ही तरंगाची गोष्ट. दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात, एकाच पडद्यावर, एकाच वेळी. तिथे 'आज तरंग, उद्या कण' असं काही नाही. हा इलेक्ट्रॉन वेष बदलतच नाही, तो दर वेळी अगदी तेच करतो. वेगळे आहेत ते आपले प्रश्न. 'किती पोचले?' असं विचारलं की उत्तर पूर्णांकात येतं, आणि त्याला आपण कण म्हणतो. 'कुठे पोचण्याची शक्यता किती?' असं विचारलं की उत्तर तरंगाच्या गणिताने येतं. त्यातही आधी तरंगांची बेरीज करायची, मग वर्ग. उलट केलंत तर पट्टे नाहीसे होतात. संभाव्यतेची आपण मॅथ्समध्ये शिकलेली साधी बेरीज इथे चालत नाही, आणि सगळं नवल तिथे आहे.

मग तिच्या प्रश्नाचं काय? फोटॉनला कळावं लागत नाही. वाटेत दोन फटी उघड्या असतील तर बेरजेत दोन पदं, एक झाकली तर एक पद. बेरीज सगळ्या यंत्राची असते, फोटॉनने निघताना काही ठरवायचं नसतं. व्हीलर यांनी १९७८ मध्ये हीच मेख ओळखली. ते म्हणाले, फोटॉन यंत्रात शिरल्यानंतर ठरवूया की शेवटी वाटा एकत्र आणायच्या की नाही. आधीच वेष घालून निघाला असेल तर फजिती होईल बेट्याची! हा प्रयोग खऱ्याखुऱ्या एकेकट्या फोटॉनांवर २००७ मध्ये फ्रान्समध्ये झाला. फजिती झाली नाही. शेवटी जी मांडणी होती तिची जी बेरीज, तेच उत्तर आलं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं फ्रान्स-जपानचं. आपल्याकडे काय? तर भाईंदरहून दादर, मग कुर्ला, तिथून हार्बरने मानखुर्द. पुढे ट्रॉम्बेची टेकडी आणि तिच्यापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आत असंच जाता येत नाही हे खरं, पण तिथे १९५६ पासून जे चाललंय ते आपल्या सिलॅबसमध्ये का नाही, हा माझा दुसरा मुद्दा.

अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. मग १९६० साली सायरस, जी २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली, आणि १९८५ साली १०० मेगावॉटची ध्रुव. या विजेसाठीच्या भट्ट्या नव्हेत. त्यांचं एक मोठं काम म्हणजे न्यूट्रॉनचे झोत पुरवणं. युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन भन्नाट वेगाने बाहेर पडतो, मग जड पाण्यात आपटत आपटत मंदावतो आणि खोलीच्या तापमानाला आला की त्याचा वेग सेकंदाला साधारण २२०० मीटर राहतो. आता आपलं पाठ असलेलं सूत्र वापरा, लॅम्डा बरोबर एच भागिले पी. न्यूट्रॉनचं वस्तुमान घाला. उत्तर येतं १.८ अँगस्ट्रॉम. घन पदार्थातल्या अणूंची एकमेकांपासूनची अंतरंही एवढीच असतात! म्हणूनच हा न्यूट्रॉन स्फटिकावर सोडला की ब्रॅगच्या नियमाने ठरावीक कोनांत वळतो. लोखंडाच्या पुडीवर १.८ अँगस्ट्रॉमचा झोत सोडला तर पहिलं शिखर ५३ अंशांच्या आसपास दिसायला हवं, कुणीही कॅल्क्युलेटर काढून पाहावं.

आणि तो कोन मोजतात कसा? तिथे हीलियम-३ वायू भरलेली नळी असते. एक न्यूट्रॉन आत शिरतो, हीलियमचं एक अणुकेंद्रक तो गिळतं, त्यातून एक प्रोटॉन आणि एक ट्रायटॉन सुटतात, विजेचा एक ठोका पडतो, काउंटर एकाने पुढे सरकतो. अर्ध्या न्यूट्रॉनचा ठोका कधी पडत नाही. रात्रभर असे ठोके मोजत बसलं की सकाळी आलेखावर तरंगाच्या गणिताने सांगितलेली शिखरं उभी असतात. टोनोमुरांच्या पडद्याचीच ही गोष्ट, फक्त इथे ती कुणाला नवल म्हणून दाखवायची नसते. इथे ते रोजचं अवजार आहे. तरंग खोटा असता तर शिखरं आली नसती, कण खोटा असता तर काउंटर चालला नसता.

या अवजाराने काय केलं? पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला ब्रॉकहाऊस यांच्याबरोबर न्यूट्रॉनचं काम शिकून आले आणि ट्रॉम्बेत त्यांनी ते उभं केलं. (ब्रॉकहाऊसना त्या कामासाठी १९९४ मध्ये नोबेल मिळालं.) आर. चिदंबरम, ज्यांचं नाव आपल्याला पोखरणमुळे माहीत असतं, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन वापरून अमिनो आम्लांमधल्या हायड्रोजनच्या जागा शोधल्या. क्ष-किरणांना हायड्रोजन नीट दिसत नाही, बिचाऱ्याकडे इलेक्ट्रॉन एकच. न्यूट्रॉन मात्र थेट अणुकेंद्रकाशी बोलतो. आज ध्रुवच्या झोतांवर विद्यापीठांतल्या संशोधकांनाही काम करता येतं, त्यासाठी यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग यांचं एकत्र केंद्र मुंबईतच आहे.

ट्रॉम्बेच्या अपूर्व वाघ आणि वीरचंद राखेचा यांचं काम तर आपल्या विषयाच्या गाभ्यातलं. न्यूट्रॉन इंटरफेरोमीटर म्हणजे सिलिकॉनच्या एकाच अखंड स्फटिकातून कोरलेलं यंत्र. त्यात न्यूट्रॉनच्या तरंगाच्या दोन वाटा होतात, एकमेकींपासून चक्क सेंटीमीटरभर दूर जातात आणि पुन्हा मिळतात. व्हिएन्ना आणि मिसुरीच्या संशोधकांबरोबर या दोघांनी १९९७ साली अशा यंत्रावर दोन वाटांमधल्या कलेच्या फरकाचे दोन भाग वेगवेगळे मोजून दाखवले, एक न्यूट्रॉनच्या ऊर्जेमुळे येणारा आणि दुसरा निव्वळ भूमितीमुळे. अशा यंत्रात न्यूट्रॉन इतके विरळ असतात की एक आत असताना पुढचा बहुतेक वेळा अजून भट्टीतल्या युरेनियमच्या अणुकेंद्रकातच असतो. म्हणजे जन्मालाही आलेला नाही! गर्दीच्या बाजूने बोलणाऱ्या आमच्या मागच्या बाकाला हे सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला.

एक देशी प्रयोग आणखी, कारण माझ्या मताला त्याचा आधार आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९७ च्या सुमारास कोलकात्यात दोन प्रिझम जवळजवळ ठेवून दाखवलं होतं की मधली फट पुरेशी अरुंद असेल तर, एरवी पूर्ण परावर्तित होणारे विद्युत तरंग थोडे पलीकडे निसटतात. पार्थ घोष, दीपंकर होम आणि गिरीश अगरवाल यांनी १९९१ मध्ये सुचवलं, हेच एकेकट्या फोटॉनांनी करा. फट ओलांडणं हे तरंगाचं लक्षण. पण इकडचा आणि पलीकडचा शोधक एकदम वाजायचे नाहीत, हे कणाचं लक्षण. पुढच्याच वर्षी जपानमध्ये हा प्रयोग झाला, त्यातली मोजणी फार थोडी असल्याची टीका झाली, आणि २००४ मध्ये इटलीत तुरीनला तो अधिक नीट करण्यात आला. दोन्ही लक्षणं एकत्र दिसली. 'एका प्रयोगात एकच' हे सरसकट लिहिणाऱ्यांनी निदान हा प्रयोग वाचावा.

इथे बोरवर अन्याय नको. त्यांनी १९२७ साली मांडलेल्या पूरकतेत एक खरी गोष्ट आहे. फोटॉन कुठल्या वाटेने गेला याची नोंद आणि पट्टे, या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर येतात. तेही बटण दाबल्यासारखं नव्हे. वाटेची माहिती थोडी मिळवली तर पट्टे थोडे फिके होतात, पूर्ण मिळवली तर पूर्ण जातात, आणि या देवाणघेवाणीचं नेमकं गणितही आता माहीत आहे. तेवढंच सांगितलं असतं तर तक्रार नव्हती. पण बोरच्या काळजीपूर्वक वाक्यांचा आपण 'बाबा आणि साहेब' करून टाकला.

आणि त्याहून वाईट म्हणजे यातल्या 'पाहण्या'चं जे केलं जातं ते. व्हॉट्सअ‍ॅपवर दर दोन महिन्यांनी कुणी तरी पाठवतं, विज्ञानाने सिद्ध केलं की आपण पाहतो म्हणून जग आहे. त्याच्या खाली क्वांटम पेंडंटची जाहिरात. द्वैत आणि अद्वैत हे शब्द आपल्याकडे आधीपासून मोठ्या अर्थाने आहेत, त्यामुळे 'तरंग-कण द्वैत' म्हटलं की शब्दांच्या ओढीनेच लोक भलतीकडे जातात. वेदान्त ज्यांना वाचायचा त्यांनी जरूर वाचावा, त्याला फोटॉनच्या शिफारशीची गरज नाही. पण इथे 'पाहणारा' म्हणजे माणूस लागत नाही हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी १९९९ साली साठ कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूचे पट्टे मिळवले. पुढे २००४ मध्ये त्यांनी सत्तर अणूंचे फुलरीन लेझरने तापवत नेले. तापलेला रेणू निखाऱ्यासारखा स्वतःच प्रकाश फेकतो आणि त्या प्रकाशात त्याच्या जागेची खूण उरते. जसजसे रेणू तापले तसतसे पट्टे फिकट होत गेले. ती खूण कुणी वाचली नाही, वाचायला कुणी नव्हतंच. नोंद झाली, एवढं पुरेसं होतं. पाहणारा माणूस सोडा, ध्यानस्थ मांजरही तिथे नव्हतं!

आता आपल्याकडे येतो. पेपरात दर वर्षी क्रिकेटच्या चेंडूची तरंगलांबी काढायला येते. १६० ग्रॅम, सेकंदाला ४० मीटर, उत्तर दहाचा घात वजा चौतीस मीटर. आपण उत्तराखाली दोन रेघा मारतो. यातून शिकायचं काय, तर हे कधीच दिसणार नाही! त्याच जागी २२०० मीटर वेगाचा न्यूट्रॉन विचारा. उत्तर १.८ अँगस्ट्रॉम येईल आणि ते वीस-पंचवीस मैलांवर रोज वापरलं जातं हेही कळेल. 'ड्युअल नेचर म्हणजे काय' या प्रश्नाऐवजी टोनोमुरांची चित्रं छापा आणि विचारा, यातलं कुठलं वैशिष्ट्य कणाचं आणि कुठलं तरंगाचं, कारण द्या. पाठ करून लिहिता येणार नाही म्हणून आपण ओरडू, ते ठीक आहे.

लॅबमध्ये तर खर्चाचाही प्रश्न नाही. ग्रेटिंगचा प्रयोग आपण करतोच, रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवतो हा भाग वेगळा. त्याच्याबरोबर एक केस आणि एक पुठ्ठा लागतो. आणि सीमध्ये वीस ओळींचा प्रोग्रॅम, जो पट्ट्यांच्या सूत्राप्रमाणे पडद्यावर एकेक ठिपका टाकेल. मी तो लिहिला. पन्नास ठिपक्यांना काही दिसत नाही, पाच हजारांना पट्टे. यात एक फसवणूक आहे हेही सांगतो. तरंगाचं सूत्र मीच प्रोग्रॅममध्ये घातलंय, तेव्हा पट्टे आले यात नवल नाही. निसर्गात ते कुठे 'घातलेलं' असतं, हे प्रोग्रॅम सांगत नाही. पण हा प्रश्न विचारण्यापर्यंत तरी तो आणतो, जिथे आपलं पाठ वाक्य कधी आणत नाही.

देशाने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला सहा हजार कोटी मंजूर केलेत, तिचं संवेदन आणि मापनाचं केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. तिथे जायची स्वप्नं आपल्यातले कित्येक जण पाहतात. जरूर पाहावीत.

शेवटच्या शनिवारी मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर. आधी सांगितलं ते चुकीचं होतं म्हणालो, आणि वर लिहिलंय ते सगळं जमेल तितकं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ठिपका पडतो तो खरा, आणि तरंग आपल्या हिशोबाचा?"

असं मानणारे आहेत, मी म्हणालो. तरंग खराच आहे आणि कणाला वाट दाखवतो असं मानणारेही आहेत, द ब्रॉय आणि बोम त्यातले. दोघांची उत्तरं आजपर्यंतच्या प्रयोगांशी सारखीच जुळतात. मला स्वतःला तरंग नुसता हिशोबाचा आहे हे पटत नाही, नुसत्या हिशोबाने काळे पट्टे काळे कसे राहतील? पण हे माझं मत, सिद्ध काही नाही.

"मग मधल्या वेळात, केस ओलांडल्यावर आणि भिंतीला लागायच्या आधी, तो असतो कुठे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "आणि ज्यांनी यावर आयुष्य घातलं त्यांचंही एकमत नाही."

"पेपरात काय लिहू?"

पुस्तकातलं वाक्य लिही, मी म्हणालो, मार्क त्यालाच आहेत. त्याखाली ठिपक्यांचं चित्र काढ, तपासणारा वाचेल न वाचेल. तिने वहीत आधी तिचा मधल्या वेळाचा प्रश्न लिहिला, खाली अर्धं पान मोकळं सोडलं. तेवढ्यात पुढच्या बॅचची मुलं दार वाजवायला लागली आणि आम्ही खिडक्यांवरची वर्तमानपत्रं काढली.